जाऊबाईंचा रिपोर्ट आणि येसराची आमटी

भूकंपात गावाकडचं घर पडलं आणि माझ्या थोरल्या जाऊबाई लातूरला आमच्याकडे राहायला आल्या. पुढं शिकवण्यांसाठी शहरात पोरींची रीघ लागली, तेव्हा आम्ही दोघींनी मेस काढली. मेस चालायची ती जाऊबाईंच्या आमटीवर. धान्यं आणि मसाले भाजून, दळून त्या जे येसर करायच्या, त्याचं माप त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात शिरले की डब्यांची झाकणं लागायची. मला भयंकर राग यायचा.

एकदा दवाखान्यात बायकांची मोफत तपासणी होती. "मला काय धाड भरली?" असं जाऊबाई म्हणत होत्या, तरी मी त्यांना ओढून नेलं. तपासणी म्हणजे उपाशीपोटी, एवढंच ज्ञान, म्हणून दोघी दुपारपर्यंत पाण्याचा घोटही न घेता बसलो. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. गर्भाशयाच्या तोंडावरच्या थोड्या पेशी ब्रशनं घ्यायच्या, त्याला उपास कशाला? दोन मिनिटांत काम झालं.

माझा रिपोर्ट चांगला आला. जाऊबाईंच्या पेशींत बदल निघाला.

"कॅन्सर म्हणा की सरळ," जाऊबाई म्हणाल्या.

"कॅन्सर नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कैक वर्षं लागतात. त्याआधीच सापडलंय. म्हणून तर त्रास नसताना तपासायचं."

नवरा-बायकोच्या संबंधांतून येणाऱ्या एका विषाणूमुळं हे होतं, तो बहुतेकींना कधी ना कधी होऊन आपोआप जातो, त्यात कुणाचा दोष नाही, असंही त्यांनी समजावलं. काहींच्यात तो ठाण मांडतो. चौदाव्या वर्षी लग्न, पाच बाळंतपणं आणि रोजची तंबाखूची मिश्री, यांनी धोका वाढला होता. मिश्री त्याच दिवशी बंद करायला सांगितली.

जाऊबाईंनी यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चुलीपाशी बसवलं.

"लिहून घे. माझं काय खरं न्हाई आता."

त्यांनी येसराचं माप सांगितलं. इतकी वर्षं ज्यासाठी जळत होते ते वहीत उतरवताना मी ढसाढसा रडले.

मग दुर्बिणीतून तपासणी झाली, तिथला तुकडा तपासून आला, त्यातही कॅन्सर नव्हता, आणि ती जागा थंड वायूनं गोठवून टाकली. त्याच दिवशी त्या चालत घरी आल्या. पण पळी काही हातात घेईनात. "वर्षानं परत तपासणार हायेत. तवर तूच कर," म्हणाल्या.

वर्षभर मी केलं. पोरी रोज विचारायच्या, "काकू, आमटी वेगळी का लागते?" जाऊबाई चव घ्यायच्या आणि गप्प बसायच्या.

वर्षानं रिपोर्ट स्वच्छ आला. मी दवाखान्यातच त्यांच्या गळ्यात पडले. घरी येताच जाऊबाईंनी पदर खोचला, मला बाजूला सारलं आणि येसर भाजायला घेतलं. त्या दिवशी पोरींनी पातेलं पुसून खाल्लं.

"जाऊबाई, तुम्ही सांगितलं तसंच मी केलं होतं," मी चिडून म्हणाले.

त्या लाजल्या. "येक जिन्नस सांगितला न्हवता गं. म्हणलं, जगले वाचले तर?"

मला राग यायला हवा होता. पण एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तो जिन्नस त्यांनी अजून सांगितलेला नाही, आणि मीही विचारत नाही.