शिकवणी सुरू, शिकवणी बंद

बोकीलकाकांना नमस्कार केला की ते आधी कीबोर्डवर एक शब्द टाइप करत आणि मगच नमस्कार घेत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस भलताच माजोरडा दिसतो. मग कळलं, ते हातातलं काम थांबल्याची नोंद करत होते. नमस्कार कामाच्या वेळात कसा धरायचा!

भोपाळच्या सरकारी कारखान्यातलं आमचं डिझाइन ऑफिस. कुठल्या कामाला किती वेळ दिला, हे प्रत्येकाला लिहून द्यावं लागे. बाकीचे शनिवारी बसून अख्खा आठवडा मनाने रचत. काकांनी मात्र त्यासाठी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. माऊसला हात न लावता काळ्या पडद्यावर 'सुरू ड्रॉइंग' टाइप केलं की वेळ मोजला जायचा, 'थांब' टाइप केलं की थांबायचा. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं, 'सुरू आमंत्रण'. चहावाला रईस दारात दिसला, 'सुरू चहा'.

"बोकीलसाब, चाय ठंडी हो जाएगी," तो ओरडायचा.

"अरे बाबा, मिनिट कुठेतरी लागतंच. कुठे लागलं ते ठाऊक नको?" हे काकांचं ठरलेलं उत्तर, तेही त्या बिचाऱ्याला शुद्ध पुणेरी मराठीत.

मी नागपूरची. कारखान्याजवळच सोनागिरीत खोली घेऊन राहत होते, वर्षभराच्या प्रोबेशनवर. पक्की झाले तर नोकरी, नाहीतर घरी परत. आणि घरी बाबांनी एक स्थळ हेरूनच ठेवलेलं. मला काकांच्या शेजारी बसवलं होतं. विजेच्या मोटारीचं ड्रॉइंग समोर आलं की मला घाम फुटायचा. काका खुर्ची सरकवायचे, 'सुरू शिकवणी' टाइप करायचे आणि म्हणायचे, "हं, विचार. लाजलीस तर जास्तच वेळ लागेल."

शिकवायचे मात्र जीव ओतून. एकदा त्यांनी बिट्टन मार्केटातून आणलेला कांदा सोलून मला तारेवरच्या वेष्टणाचे थर समजावले. दोघांच्या डोळ्यांना धारा. ऑफिसभर झालं, बोकीलसाहेबांनी पोरीला रडवलं.

वर्ष संपत आलं आणि मोठ्या साहेबांनी काकांच्या वर्षभराच्या वेळेचा गोषवारा बघितला. "बोकीलजी, ये लड़की तो आपका आधा साल खा गई. इसे कन्फर्म कैसे करें?"

बाकीच्यांच्या रचलेल्या आठवड्यांत शिकवणीचं नावसुद्धा नव्हतं! मी काकांच्या मागे लागले. "काका, ते तास चहाखाली घाला ना. प्रोग्रॅम तुमचा, बोटं तुमची."

"इतका चहा प्यायलो असतो तर आज दवाखान्यात असतो. जे झालं ते झालं म्हणायचं. घाबरतेस कशाला?"

घाबरू नको तर काय करू, बाप्पा! माझं नशीब पणाला लागलेलं आणि ह्यांना खरेपणाची हौस. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

मीटिंगमध्ये साहेबांनी तेच टुमणं लावलं. काकांनी शांतपणे एक ओळ टाइप केली. माझी शिकवणी पडद्यावर महिनावार रेघांत आली. पहिल्या महिन्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दर महिन्याला आखूड होत गेलेली. शेवटच्या महिन्यासमोर रेघच नाही.

"साहब, इस महीने इसने मुझसे कुछ नहीं पूछा. और जो ड्रॉइंग आपने कल पास की, वो इसने अकेले बनाई है."

मी स्वतःच थक्क झाले. विचारायचं कधी थांबले, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

साहेबांनी माझी फाइल पुढे ओढली. "ठीक है. कन्फर्म."

"तो अब मुझे छोड़िए, साहब," काका लगेच म्हणाले. "पुणे में माँ अकेली है. रिटायरमेंट की अर्ज़ी साल भर से टाल रहा था, इसी के लिए."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरलं. लोकांना वाटलं, पोरगी आनंदाने रडतेय. मला मात्र त्या शेवटच्या कोऱ्या महिन्याचा राग आला होता. एवढ्या लवकर शिकायला नको होतं मी.