चौकटीवरची बोटे

“हसू नका. चौकटीला हात लावा आणि श्वास सोडा.”

एवढे बोलून आमचे फोटोग्राफर समोरच्याला कोंबड्या हाकाव्यात तसे दोन्ही हातांनी दाराकडे सारत. फोटो घराचा असो, दुकानाचा असो, तिथले माणूस दारात उभे राहिल्याशिवाय ते कॅमेरा डोळ्याला लावत नसत. कारण विचारले की चिडत. “हातावरनं दाराची उंची कळती. न्हाईतर राजवाडा हाय का खुराडं, कागदावर काय कळणार ओ?”

सोलापुरात कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाखाली माझे टेबल आहे. अर्ज, हरकती, प्रतिज्ञापत्रे यांचे मसुदे मी अनेक वर्षे करीत आलो आहे. शिक्षण माझे अर्धवट राहिले. परंतु माझ्या मसुद्यात वकिलांनाही खाडाखोड करावी लागत नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. टेबलाला लागूनच फोटोग्राफरांची टपरी होती. पासपोर्ट फोटोसाठी आपण कधी त्यांच्या लोखंडी स्टुलावर बसला असाल, तर त्यांचा स्वभाव आपणास वेगळा सांगायला नको.

माझाच फोटो काढताना मी मान किंचित कलती ठेवली होती. भारदस्त दिसावे, इतकाच हेतू.

“मान सरळ,” ते ओरडले. “वाकडं काय लिहायचं ते अर्जात लिहा.”

रांगेतली माणसे हसली. मला संताप आला. तो फोटो मी अद्याप सर्वत्र वापरतो.

एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचा कार्यकर्ता वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो घेऊन आला. “दादांना जरा गोरं करा की.”

“गोरं करायला रंगारी बघा. हितं हाय तसं मिळतंय.”

गिऱ्हाईक गेले. अशी पुष्कळ गेली.

त्यांचे घराणे विणकरांचे. घरात तेलुगू, बाजारात मराठी. ही कला कुठे शिकलात, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी कुठल्या उस्तादाचे नाव घेतले नाही. “आमच्या कारखान्याच्या छपराला उत्तरेकडनं काचा होत्या. ऊन येत न्हाय, नुसता उजेड येतो. त्या उजेडात आई चादरीवर हात फिरवायची, तुटलेला धागा बरोबर घावायचा. उजेड दाखवायला असतो ओ. लपवायला वापरला तर तो उजेड न्हवं.”

हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. मी ते एका अर्जात घातले. अर्ज नामंजूर झाला.

“वाक्य माझं चांगलं होतं,” ते म्हणाले. “मसुदा तुमचा होता.”

आता मूळ विषयाकडे येतो. 

नाल्याकाठच्या एका वस्तीतून रस्ता जायचा होता. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही; लिहिण्याच्या योग्यतेचे ते नाही. नियम असा, की ज्या घरात माणसे राहतात त्यांना दुसरीकडे खोली द्यायची, आणि जे घर बंद आढळेल ते नुसते पाडायचे. प्रत्येक घराचा फोटो फाइलला जोडायचा होता. ते काम आमच्या फोटोग्राफरांकडे आले. तिथल्या एका कारकुनाने माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांना सांगितले, “दुपारी जावा. बाराच्या पुढं.”

दुपारी त्या वस्तीतल्या बायका कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला गेलेल्या असतात. पुरुष त्याआधीच गेलेले. दारांना कुलपे असतात. हे कारकुनाला ठाऊक होते, म्हणूनच त्याने दुपार सांगितली.

फोटोग्राफर म्हणाले, “दुपारी तर तुमच्या खुर्च्याबी रिकाम्या असत्यात साहेब. त्यांचाबी काढू का फोटू, वापरात न्हाय म्हणून?”

ते सकाळी गेले. हरकतींवर सह्या घेण्यासाठी मीही तिथे होतो. एकेक माणूस ते दाराच्या कडेला, चौकटीशी उभे करीत होते. कुणाच्या केसांत फणी तशीच अडकलेली, कुणाच्या हातात कपबशी. शेवटच्या घरात नरसव्वा नावाची म्हातारी एकटी राहत असे. जन्म यंत्रमागावर गेलेला, आता धागे कापून पोट भरणारी.

“नरसव्वा, चौकटीला हात कुटाय?”

“हाय की रे बाबा. हात कुटं पळून जातोय?”

पुढे यादी लागली. फोटोग्राफर छापील प्रत घेऊन आले आणि ती त्यांनी माझ्या टेबलावर आपटली. पानावर फोटो त्यांचेच होते, खाली त्यांच्याच नावाचा शिक्का होता. पण माणसे नव्हती. डोकी, पदर, कपबश्या, सगळे कडेने कापून टाकले होते. उरले होते दार, पत्रा आणि घराचा नंबर. अर्ध्या उघड्या दाराखाली शेरा होता: बंद, वापरात नाही.

“माझा फोटू कापला,” ते म्हणाले. “माझ्या नावावर माणसं कापली. लिहा अर्ज.”

मी कागद ओढला. ‘महोदय, विनम्र निवेदन करण्यात येते की’

“विनम्र काढा.”

“अहो, मसुद्याची एक पद्धत असते.”

“माणसं कापायचीबी पद्धत असती व्हय?”

मी विनम्र काढले. माझ्या आयुष्यात प्रथमच.

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. फोटोग्राफरांनी न कापलेले फोटो साहेबांच्या टेबलावर मांडले. तोच कारकून शेजारी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “हे नंतर माणसं उभी करून काढले असतील.”

संपले. आमच्या फोटोग्राफरांनी असा आवाज चढवला की व्हरांड्यातली माणसे आत डोकावली. “नंतर? मी खोटं काढतो? माझ्या आईच्यान सांगतो...” शिपायाने दंडाला धरून त्यांना बाहेर नेले, तरी दाराआडून त्यांचे ओरडणे चालूच होते. साहेबांनी घड्याळ पाहिले. मी बोलायला उठलो. मला बसवण्यात आले.

तेव्हा नरसव्वा उठली. तिला कुणी बोलावले नव्हते. तिने चांगले फोटो बाजूला सारले आणि कार्यालयाचाच कापलेला फोटो साहेबांपुढे सरकवला. कापणाऱ्याची कात्री चौकटीपाशी थांबली होती. चौकटीवर चार बोटे राहून गेली होती.

“सावली आहे ती,” कारकून म्हणाला.

नरसव्वाने आपला हात फोटोशेजारी टेबलावर ठेवला. मधल्या बोटाचे वरचे पेर नव्हते. फोटोतही ते बोट तेवढेच आखूड होते.

“सावलीचं बोटबी मागात गेलं व्हय, साहेब?”

साहेबांनी फोटो उचलून तिच्या हाताशी ताडून पाहिला. मग त्यांनी सगळे पूर्ण फोटो फाइलला लावायला सांगितले. वस्तीला खोल्या मंजूर झाल्या.

मी धावत बाहेर जाऊन फोटोग्राफरांना हे सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, “बोटं शार्प होती न्हवं?”

आपणास वाटेल, गोष्ट गोड झाली. थांबा. कारकुनाचे काय झाले? काहीही नाही. उलट आमच्या माणसाला ‘कार्यालयाशी उद्धट वर्तन’ या कारणाखाली कामाच्या यादीतून काढले. मग दुसऱ्या कार्यालयाने काढले, तिसऱ्याने कारणही दिले नाही. शेवटी त्यांच्या टपरीवरच अतिक्रमणाची नोटीस आली. माझे टेबल त्याच रांगेत आहे; मला नोटीस नाही. मी कडक हरकत लिहिली, विनम्र शब्द न घालता. तिचे उत्तर आले नाही. टपरी उचलून नेली, तेव्हा शहरातले एकही माणूस थांबले नाही. खोल्या ज्यांना मिळायच्या होत्या तेही कामावर होते. आमचे फोटोग्राफर भिवंडीला मुलीकडे गेले. कॅमेरा विकून गेले.

“बसा की, चहा घ्या,” निघायच्या दिवशी मी त्यांना म्हणालो.

“गाडी हाय ओ,” ते म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर खोल्यांच्या चाव्या वाटण्याचा समारंभ झाला. मांडव, हार, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन. माणसे कापणारा तोच कारकून व्यासपीठावरून लाभार्थींची नावे वाचत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. नरसव्वाचे नाव आले. पुढाऱ्याने चावी पुढे केली, तिने ती घेतली. खालून भाड्याचा फोटोग्राफर ओरडला, “आजी, हिकडं बघा!”

नरसव्वाने सगळ्या मांडवावर नजर फिरवली. “आमचा फोटूवाला कुटाय?”

 मी मागून उभा राहून ओरडलो, “भिवंडीला! ह्या लोकांनी घालवला त्याला!” स्वयंसेवकांनी मला खाली दाबले. पण तिने ऐकले होते.

तिने डोक्यावरचा पदर ओढून हनुवटीपर्यंत आणला आणि तशीच उभी राहिली.

“आजी, पदर वर करा की!” तो ओरडत राहिला. पुढारीही कानाशी वाकून काही म्हणाला. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढारी आहे, हार आहेत, चावी आहे. चावीच्या मागे एक पदर उभा आहे.