मैदानाचा ठराव

मनिषा शेंडे निमगाव केतकीच्या मुलींच्या हॉकी संघाची नऊ वर्षं मॅनेजर होती. गाडीची सोय, मुलींचे दाखले, बर्फ, पट्ट्या, तयार नसलेल्या आयांची समजूत, सगळं तिच्याच अंगावर. गावचे पुढारी इंद्रजिततात्या एकदा घरी येऊन म्हणाले, "वहिनी, आमच्या पॅनेलमधनं उभ्या ऱ्हावा. मैदान कायम तुमच्या पोरींचंच." ती तयार झाली. पोरींनी दारोदार चिठ्ठ्या वाटल्या आणि मनिषा ग्रामपंचायतीत निवडून आली.

तिसऱ्या महिन्यात ती बारामतीचा सामना आटपून घरी पोचते तो शिपाई ठरावाचं रजिस्टर घेऊन दारात उभा.

"सही करून टाक, कवाचा थांबलाय त्यो," नवरा सोपान म्हणाला.

मनिषाने आधी वाचलं. आजच्या बैठकीत मैदानाची जागा मंगल कार्यालयाला. ठराव एकमताने मंजूर. आणि हजर सदस्यांत तिचंही नाव! तिची कानशिलं तापली. रजिस्टर उचलून ती तशीच पंचायतीत गेली.

"मी आज बारामतीत होते, तात्या. मग हितं हजर कशी?"

"सही तेवढी करायची असती, वहिनी. मॅनेजर हाय तुमी, पोरींचे डबे बघा."

"आन् पोरींनी खेळायचं कुठं? लग्नाच्या मांडवात?"

तात्या हसले. त्या हसण्याने तिचं डोकं आणखीच फिरलं. नावापुढे तिने ठसठशीत लिहिलं : मी गैरहजर होते. माझा विरोध आहे.

ग्रामसभेत तिने दोन कागद वाचून दाखवले. एक ठराव आणि दुसरा सामन्याचा तक्ता. त्याच तारखेचा, त्याच वेळेचा, खाली मॅनेजर म्हणून तिची सही. मग गोलकीपर पोरीची आजी साखरबाई उठली. "आमच्या पोरींकडनं मतं मागवली आन् त्यांचीच जागा लाटता व्हय? लाज न्हाय वाटत?" तिच्यामागून बायकांचे हात वर गेले. ठराव रद्द झाला.

माफी कुणीच मागितली नाही. उलट पॅनेलवाल्यांनी मनिषाशी बोलणं टाकलं.

"मैदान वाचलं न्हवं? आता तरी शांत ऱ्हा," सोपान म्हणाला.

"मला निस्ती सहीला निवडून आणली त्यांनी! आन् मी शांत बसू?"

पुढच्या बैठकीत तिने ग्रामसेवकाला मागचे सगळे ठराव मोठ्याने वाचायला लावले. एकेक. आपलं नाव आलं की ती तारीख विचारून सामन्यांच्या तक्त्याशी ताडून बघत होती.