न उघडलेलं ड्रिल

जुनं ड्रिल समोर आलं की डावरी प्लगला हात लावत नसे. आधी पुढचा दांडा बोटांनी फिरवायची, कार्बन ब्रशजवळ नाक नेऊन वास घ्यायची, आणि शेवटी स्क्रूंच्या खाचा बघायची. खाचा करकरीत असल्या की मशीन कुणी उघडलेलं नाही. असं मशीन हौशी लोक सांगाल त्या किमतीला नेतात. आत पुन्हा तार भरलेलं असलं तर ते कामाच्या भावात जातं, म्हणजे निम्म्यात.

तीस वर्षं जळक्या मोटरींत तार भरून तिची बोटं चपटी झाली होती. सगळं काम डाव्या हाताने, म्हणून नाव पडलं डावरी. डोळे अधू झाल्यावर तिने तार सोडली आणि जुन्या मशीनची पारख करून चिठ्ठी द्यायला लागली. आता घर त्या चिठ्ठ्यांवरच चालायचं.

त्या दिवशी सुतारदादा आपलं दोन मुठींचं ड्रिल घेऊन आले. अकरा वर्षांपूर्वी तिच्याच चिठ्ठीवर घेतलेलं. गुडघे गेले, आता लेकीकडे राहायला जायचं होतं. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं.

"तीच चिठ्ठी पुन्हा लिही, ताई. अक्षर तेवढं माणसासारखं काढ."

वायर मुठीपाशी तडकली होती. ती बदलायला मुठीचं झाकण काढलेलं चालतं, त्याने मशीन उघडलं असं कुणी म्हणत नाही. डावरीने झाकण काढलं, टॉर्च मारली आणि वाकून पुन्हा आत बघितलं.

"काय गं, उंदीर निघाला का आत?"

"उंदीर नाही, दादा. मी निघाले."

मुठीच्या पोकळीतून आतली तारेची कॉइल दिसत होती. ती दोऱ्याने बांधली होती आणि गाठ उलटी फिरली होती. अशी गाठ मारते म्हणून मिस्त्रींनी तिला शिकाऊ असताना वर्षभर बोलणी दिली होती. त्यांच्या हाताखाली दुसरं डावखुरं कुणी नव्हतं. आणि ओरबाडलेली खाच मिस्त्रींना खपत नसे. मशीन बंद करताना ते स्क्रू नवे लावायचे. त्याच नव्या स्क्रूंना ती अकरा वर्षांपूर्वी फसली होती.

"ही तार माझ्या हातची आहे," ती म्हणाली.

"वा! काखेत कळसा नि गावाला वळसा. न उघडलेलं म्हणून तूच लिहून दिलंस ना?"

"दिलं. चुकलं."

"मग आणखी एकदा चूक. झाकण लाव. तो काय आत शिरून बघणार आहे?"

दादांचं अगदीच खोटं नव्हतं. पण त्याने घरी जाऊन बघितलंच तर तिच्या चिठ्ठीत भजीसुद्धा कुणी बांधणार नाही. आणि खरं लिहावं, तर जिला स्वतःचं काम ओळखता येत नाही तिच्याकडे पारख करायला कोण येईल? दोन्हीकडून मरण होतं. तिने लिहिलं: 'तार पुन्हा भरलेली. माझ्याच हातची. आधीची चिठ्ठी चूक.'

गिऱ्हाईक आलं. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, टॉर्चच्या उजेडात गाठ बघितली आणि निम्मी किंमत दिली. जाताना म्हणाला, "तुमच्या चिठ्ठीवर आणखी दोन मशीनं घेतलीत मी. तीही बघाल का पुन्हा?"

"आणा. पैसे नको."

तो गेल्यावर डावरीने दादांसमोर आपली पेटी उघडली. "कमी पडले ते मी भरते."

"ठेव ती पेटी," दादा चिडूनच बोलले. "अकरा वर्षं भोकं ड्रिलने पाडली, तुझ्या चिठ्ठीने नाही." आणि नीट निरोपही न घेता निघून गेले.

बातमी पसरायला दोन दिवस पुरले. महिनाभर लोक जुन्या चिठ्ठ्या आणि मशीनं घेऊन दारात येत राहिले. कुणी टोमणे मारले, कुणी गुपचूप बाकावर बसून राहिलं. डावरीने प्रत्येक मुठीत टॉर्च घातली. सव्वीस मशीनं झाली. चार चिठ्ठ्या तिने फाडल्या आणि तिथल्या तिथे नव्या लिहून दिल्या. त्या महिन्यात नवं काम एकही आलं नाही. घरी धाकट्या जावेने काही न विचारता पुढे होऊन किराणा भरला.

पुढच्या महिन्यात तीन कामं आली. त्यातलं एक दादांच्या जावयाने पाठवलं होतं, सोबत निरोप होता: "सासरे म्हणाले, हिच्याकडेच दाखव."