रिकामा झोका

मिशिगनमधल्या आमच्या घरामागच्या पार्कची देखभाल करणारा तो गोरा म्हातारा दर मंगळवारी सकाळी यायचा. घसरगुंडीचे नट आवळायचा, साखळ्यांना तेल द्यायचा आणि शेवटी एकेक रिकामा झोका ढकलून, मान वाकडी करून, कड्यांचा आवाज ऐकत राहायचा.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईला ते बघवेना. "अगं, त्याला सांग, रिकामा पाळणा हलवू नये."

मी हसत हसत त्याला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. "रिकामा असता," तो म्हणाला, "तर मीही हलवला नसता."

यंदा सिटीने पार्कचं फंडिंग कट केलं. झोके काढून नेले, नुसता लोखंडी सांगाडा उरला. त्याचंही काम गेलं म्हणे. तरी मंगळवारी तो आलाच, स्वतःच्या गाडीने. सांगाड्याखाली उभं राहून त्याने हवेतच हलका धक्का दिला, मान वाकडी केली आणि परत येणारं काही अंगावर आदळू नये तसा एक पाऊल मागे सरला.

माझी मुलगी तिकडे धावली. या वेळी आईनेच नातीचा दंड धरला आणि तिला झोक्याच्या वाटेतून बाजूला ओढलं.