दुखत नव्हतं म्हणून...

चहा ठेवला होता, तेवढ्यात फोन वाजला. विलासच्या शेजारच्या मीनाक्षीताई होत्या. "विलासभाऊ गेले हो... काल संध्याकाळी घाम येतोय म्हणाले. डॉक्टरांना बोलवू का विचारलं, तर म्हणाले नको, दुखत काहीच नाही." मुलुंडहून कांदिवलीला पोचेपर्यंत ते शेवटचं वाक्य माझ्या कानातून जाईना. त्या वाक्याने माझ्या मित्राला आधीही एकदा फसवलं होतं.

साकीनाक्याच्या कारखान्यात आम्ही बरोबरच लागलो. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरमध्ये. मशीनवर नुसता तळहात ठेवून तो सांगायचा, हिचं बेअरिंग जाणार. स्वतःच्या डायबेटिसबद्दल मात्र त्याची समजूत अगदी सरळ होती. हा गोडाचा आजार, तेव्हा कडू खाल्लं की उतारा! रोज सकाळी कारल्याचा रस, आणि गोळी फक्त गोड खाल्लं तरच. सुलभावहिनी होत्या तोवर त्या ताटाशेजारी गोळी ठेवायच्या आणि तो मुकाट्याने गिळायचा, कशासाठी ते न विचारता. मग वहिनी गेल्या. मुलगी केतकी लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. ताटाशेजारी काही ठेवणारं घरात कुणी उरलं नाही. "जेवायला बसलं की टीव्ही लावतो रे," एकदा म्हणाला होता, "निदान कुणीतरी बोलत असतं."

मधली काही वर्षं त्याच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. मग एक दिवस फोनवर आनंदाने ओरडलाच, "अरे, पाय दुखायचे थांबले! कारल्याने काम केलं यार. चल, वर्सोव्याला मासे खाऊ, पार्टी माझी." गेलो. पोटभर सुरमई खाल्ली, किनाऱ्यावर बोटी बघत भटकलो. वहिनी गेल्यापासून तो इतका मोकळा हसलेला मी पाहिला नव्हता. परतताना रिक्षात बसला, तर त्याच्या चपलेतून रक्त ओघळत होतं. चपलेचा तळ भेदून खिळा तळव्यात घुसला होता... आणि त्याला पत्ताच नव्हता! पाय मांडीवर घेऊन तो बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे.

"काका, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखरेने नसा बधिर झाल्यात. आता काही लागलं तरी तुम्हाला कळणार नाही." विलासने पायाच्या पट्टीकडे बघितलं. मग हळूच मला म्हणाला, "मग मी पार्टी कशाची दिली रे?"

जखम भरायला महिने गेले. त्यानंतर मात्र तो शिकला. न चुकता गोळ्या, वेळेवर जेवण. घाम फुटून हातपाय थरथरले की साखर कमी झाली समजायचं, लगेच साखर खायची, हेही नीट विचारून घेतलं. "रोज तळपाय बघायचे," बाई म्हणाल्या, "वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा." तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर नुसता हसला. "घरातल्या कुणाला?"

त्या शेवटच्या संध्याकाळी घाम आला तेव्हाही त्याने साखरच खाल्ली होती. टेबलावर डबा उघडा होता, चमचा तसाच. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला आणि केतकीला सांगितलं, अशा पेशंटला कधी कधी हार्ट अटॅकचंही दुखणं जाणवत नाही, नुसता घाम येतो. शिकला होता तेवढं त्याने बरोबर केलं होतं...

तेराव्यानंतर केतकीबरोबर घर आवरायला गेलो. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर, भिंतीला तिरका टेकवून वहिनींचा कुंकवाचा आरसा ठेवलेला. "आईचा आरसा खाली कुणी ठेवला?" केतकीने विचारलं. मी तिला पलंगावर बसवलं, पाय जरा उचलायला सांगितला. आरशात तिचा तळवा स्वच्छ दिसला. पाय तसाच उचलून कितीतरी वेळ बघत राहिली.

कपाटं रिकामी झाली, भांडी वाटून झाली. आरसा मात्र आम्ही दोघांनीही हलवला नाही.