नारिंगी ताऱ्यावरची सावली

वेधशाळेत तिला सगळे ‘झाडूवाल्या ताई’ म्हणत. झाडू तिने तिथे कधी हातात धरला नव्हता, ती तारे झाडायची. दुर्बिणीने टिपलेला ताऱ्यांचा उजेड सकाळी तिच्या पडद्यावर रेघ होऊन येई. ढग आला, विमान गेलं, काचेवर किडा बसला की रेघ खाली घसरे. असल्या कचऱ्यावर ‘ढग’ असा शिक्का मारायचा आणि पुसून टाकायचा, हे तिचं काम. पुसलेलं मोठ्या मॅडमपर्यंत पोचतच नसे. एवढी मोठी सत्ता एका बाईच्या बोटात का ठेवली होती, देव जाणे.

त्या ताऱ्यांत एक नारिंगी बटू तारा होता, सूर्याहून लहान आणि थंड. त्याच्यासमोरून एखादा ग्रह आडवा जात असावा, असा मॅडमचा अंदाज होता, कारण मधूनच त्याचा उजेड जरासा मंदावे. पण ग्रहाच्या येण्याला धरबंध नव्हता. न दिसणारा कुणी भाऊबंद ग्रह त्याला ओढत असावा; म्हणून तो कधी लवकर येई, कधी उशिरा. रोज सकाळी पडदा पाहिल्याशिवाय काही कळत नसे.

तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, आणि तोंड मशीनपेक्षा जोरात. “तुझ्या त्या बुटक्याला एक सदरा शिवून देतो, गारठला असेल बिचारा,” म्हणायचा. पण गेल्या वर्षापासून त्याला झटके येऊ लागले होते. मशीनवर चालते पाय थांबत, डोळे उघडे राहत आणि आत कुणी नसे. ती हात धरून हाका मारतच राही, तेव्हा कुठे तो भानावर येई. “झटका आला की एकटं सोडू नका,” डॉक्टर म्हणाले होते. “हाक मारणारं कुणी नसेल, तर एखाद्या वेळी परत यायचे नाहीत.”

सकाळी नारिंगी ताऱ्याची रेघ घसरली, की त्याच दुपारी झटका. आधी तिला योगायोग वाटला, मग तिच्या अंगावर काटा आला. तो उजेड ताऱ्यावरून निघाला तेव्हा या दोघांचं लग्नही झालं नव्हतं. म्हणजे हे सगळं तेव्हापासूनच ठरलं होतं? कुणाला सांगायची सोय नव्हती, लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण बाई व्यवहाराला पक्की. रेघ घसरली की अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठायची. दर वेळी ती वेळेत पोचली आणि दर वेळी तो परतला.

एवढ्यावर थांबली असती तर! पण माणसाचा जीव हावरा. एका सकाळी तिला वाटलं, ही रेघ घसरलीच नाही असं केलं तर? तिने ‘ढग’ शिक्का मारला आणि पुसून टाकली. दुपारी घरी आली तर नवरा गुणगुणत बटणं लावत बसलेला. ओट्याशी उभी राहून ती आनंदाने ढसाढसा रडली.

मग ती दर वेळी पुसू लागली.

“ताई, त्या नारिंगीत काही राम नाही हो,” एक दिवस मॅडम म्हणाल्या. “ग्रहबिह काही नाही. दुर्बीण दुसरीकडे वळवतेय.”

खरं सांगायला तिने तोंड उघडलं, पण “बरं” एवढंच बाहेर पडलं. जे पुसलं ते गेलंच असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. रजा घेणंही सोडलं.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मशीन बंद होतं. दिवा लागलेला होता, पण खोलीतला उजेड केसभर कमी होता. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. नवरा गळ्यात टेप घालून ताठ बसला होता. तिला पाहून तो अदबीने उठला.

“या, बसा. काय शिवायचंय?”

तिने त्याचा हात धरला. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. त्याने ओशाळून हळूच हात सोडवून घेतला.

“बाई, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?”

मग त्याने टेप उलगडला. आजवर तिचं माप त्याने कधी घेतलं नव्हतं, नजरेनेच कळायचं त्याला.

“हात जरा वर करा,” तो म्हणाला. ती रडत रडत हात वर करून उभी राहिली.